आधी कुणाची घंटा

ऑफिसात सगळे तिला हेडबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिच्या कानावर पडेल इतपत मोठ्यानं. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. अ‍ॅपच्या स्क्रीनवर कुठलं बटण कुठे असावं, त्याचा रंग कोणता आणि त्यानं वापरणाऱ्याशी कुठल्या शब्दांत बोलावं, हे ठरवणं तिचं काम. बटण केसभर सरकलं तरी तिच्या कपाळावर आठी पडायची, आणि ती आठी दिसली की शेजारच्या टेबलावरचा प्रोग्रामर निमूटपणे कानातली गाणी बंद करायचा.

घरी मात्र ती नुसती ताई. ताई म्हणणारा एकच, तिचा धाकटा भाऊ छोट्या. उंचीनं तो तिच्या डोक्यावर गेला, मिशी फुटली, तरी नाव छोट्याच राहिलं. शाळेत असताना एकदा तो भर वर्गात बाकावरून धाडकन खाली पडला, हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला, आणि तेव्हापासून फिटचं दुखणं त्याच्या मागे लागलं. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक. चुकवायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. वडील कामानिमित्त कायम बाहेरगावी, आई जिवाची घाबरट. मग गोळ्यांचा कारभार ताईनं हातात घेतला तो घेतलाच. लहानपणी गोळीला जॅम लावून भरवण्यापासून ते कॉलेजच्या फाटकात उभं राहून "घेतलीस का रे?" असं ओरडून विचारण्यापर्यंत सगळं तिनं केलं. त्याचे मित्र हसायचे आणि तो मान खाली घालायचा. हिला वाटायचं, लाजाळू आहे बिचारा.

परगावची चांगली नोकरी चालून आली तेव्हाही ती गेली नाही. "याच्या गोळ्यांचं कोण बघणार?" असं म्हणाली. हे वाक्य ती पुढेही अधूनमधून म्हणायची, आणि म्हणताना तिच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते दुःख खासच नव्हतं. काही माणसांना कुणाचं तरी आपल्यावाचून अडतंय यातच जेवल्यासारखं वाटतं. तिच्या स्वतःच्या पर्समध्येही गोळ्यांची एक पट्टी होती, थायरॉइडची. ती सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी घ्यायची असते. हेडबाईंना तिची आठवण व्हायची ती चहाचा कप विसळताना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मग छोट्याला फ्रेमवाल्याकडे नोकरी लागली. फोटोंना आणि चित्रांना चौकटी करायच्या, काचा कापून बसवायच्या. दुकानाच्या वर एक खोली होती आणि मालक ती राहायला द्यायला तयार होता. काच म्हटल्यावर आईनं डोळे पांढरे केले, मग अबोला धरला, आणि शेवटी एक अट घातली. हिवाळा संपेपर्यंत गोळी चुकली नाही, तब्येतीची काही भानगड झाली नाही, तर खुशाल राहा. झाली, तर नोकरी सोडून मुकाट्यानं घरी यायचं. छोट्या एका पायावर तयार झाला. त्या खोलीत होतं तरी काय? एक खाट, एक खिडकी आणि खालून येणारा लाकडाच्या भुशाचा वास. पण तो पहिल्या दिवशी खोलीला स्वतःच्या हातानं कडी लावून आत बसला आणि उगाचच हसला. हे त्यानंच ताईला सांगितलं. ताईला त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही.

त्याच सुमारास ऑफिसात गोळ्यांची आठवण करून देणाऱ्या अ‍ॅपचं काम आलं. म्हाताऱ्यांसाठी अशी अ‍ॅप ढिगानं आहेत. हे तरुण पोरांसाठी होतं. त्या वयात रोज औषध घ्यायचं म्हणजे शिक्षाच. पोरं विसरतात, कंटाळतात, चारचौघांत डबी काढायला लाजतात. नुसती घंटा वाजवली तर ती बंद करून कूस बदलतात. म्हणून कंपनीच्या मालकीणबाईंनी, मॅडमनी, असं ठरवलं की प्रत्येकानं आपला एक सोबती निवडायचा. घंटा वाजली की सोबत्याला कळेल, गोळी घेऊन बटण दाबलं की तेही कळेल. सोबती एकच, आणि तो कोण हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

ताईनं या कामात जीव ओतला. छोट्याची एक जुनी तक्रार होती: "ताई, हातात पाण्याचा पेला असतो आणि गोळी घेतली की घ्यायचीय तेच आठवत नाही." त्यावरून तिनं पहिल्याच स्क्रीनवर ओळ लिहिली, 'घेतली की नाही, आठवत नाही? मला विचार.' खाली सकाळ आणि संध्याकाळ असे दोन गोल. गोळी घेऊन बटण दाबलं की गोल हिरवा, नाहीतर कोरा. मॅडम म्हणाल्या, "या एका ओळीवर अ‍ॅप चालेल बघ." ताई आठवडाभर जमिनीच्या वरून चालत होती. छोट्याच्या फोनमध्ये तिनं अ‍ॅप घातलं आणि बजावलं, "डोक्यावर विसंबू नकोस. यावर विसंब. हा सांगेल तेच खरं." छोट्यानं ते मनावर घेतलं. तेवढं त्यानं मनावर घेतलं नसतं तर बरं झालं असतं.

अ‍ॅप वापरून बघायला काही मुलंमुली ऑफिसात बोलावली होती, छोट्याही त्यांत होता. आणि तीही होती. पोहण्याच्या तलावावर तिकिटं फाडणारी, दम्याचा पंप ओढणारी, हसली की छातीतून शीळ वाजणारी. "मला शिट्टीच म्हणा, सगळे तेच म्हणतात," असं तिनं आल्या आल्या जाहीर केलं आणि मॅडमच्या खुर्चीत बसली. सोबत्यानं पाठवायचा निरोप ताईनं तयार केला होता. लाल चौकट, ठळक अक्षरं, 'अजून गोळी घेतली नाही! ताबडतोब घ्या.' शिट्टीनं तो वाचला आणि डोळे मोठे केले.

"अय्यो! हे वाचून मला शाळेतल्या बाई आठवल्या. गोळी घेईन की नाही माहीत नाही, पण बाकावर उभी राहीन."

सगळी पोरं हसली. हसायचंच ते वय. पण छोट्याही हसला, आणि नुसता हसला नाही, पोट धरून हसला. ताईनं त्याला असं हसताना कधी बघितलं होतं ते तिला आठवेना. प्रोग्रामर भिंतीकडे तोंड करून खोकत होता. तो खोकला कसला होता ते तिला चांगलं कळत होतं.

"मग तू काय लिहिशील?" मॅडमनी विचारलं.

"मी कशाला दरडावू? मी म्हणेन, 'मी घेतली. तू?' बस्स."

"हेच घ्या," मॅडम म्हणाल्या.

रात्रंदिवस डोकं फोडून तयार केलेली लाल चौकट एका वाक्यात कचऱ्यात गेली. ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण बैठकीत तिनं मान डोलावली आणि वहीत लिहूनही घेतलं. अक्षर इतकं दाबून काढलं की मागच्या पानावर उमटलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी सोबती निवडायचे होते. छोट्या कुणाला निवडणार हा प्रश्न ताईला पडलाच नाही. सूर्य कुठे उगवणार असं कुणी विचारतं का? तिनं फोन टेबलावर उताणा ठेवला आणि कामाला लागली. दुपार झाली तरी निरोप आला नाही. फोन घेऊन ती बाथरूमला जाऊन आली, फोन बंद करून पुन्हा चालू केला. संध्याकाळ व्हायला आली तशी ती प्रोग्रामरच्या डोक्याशी जाऊन उभी राहिली.

"तुमचं हे निरोपाचं चालत नाहीये. माझ्या भावानं निवडलेलं मला पोहोचलंच नाही. कामात लक्ष असतं का तुमचं?"

प्रोग्रामरनं निमूटपणे शोधलं, मग पुन्हा एकदा शोधलं. आजूबाजूचे कान टवकारले गेले.

"चालतंय की," तो शेवटी म्हणाला. "निरोप सकाळीच गेलाय. तो... शिट्टीला गेलाय."

"असं," ताई म्हणाली. आपल्या खुर्चीपर्यंत गेली, बसली, आणि स्क्रीनवरचं एक बटण उगाच इकडून तिकडे आणि तिकडून इकडे सरकवत राहिली. तिला रडू येत नव्हतं. तिला राग आला होता, आणि रागाच्या खाली जे होतं त्याला दुसरं नाव नाही: ती जळत होती. फेस पुसला कुणी? जीभ चावू नये म्हणून स्वतःची बोटं त्याच्या दातांत घातली कुणी? आणि आता आयत्या बिळावर नागोबा कोण, तर कालपरवा ओळख झालेली एक तिकिटं फाडणारी पोरगी, जिला स्वतःचा पंप कुठे ठेवला तेही सापडत नाही!

घरी गेल्यावर तिनं छोट्याला फोन केला. आवाज मोठ्या प्रयासानं गोड ठेवला.

"मला वाटलं मला निवडशील."

"अगं ताई, तू तर आहेसच की," तो सहज म्हणाला.

तो खरंच तसं समजून म्हणाला होता. पण ज्याच्या मनात आग असते त्याला पाणीही तेलच वाटतं. 'आहेसच की' म्हणजे भिंतीसारखी, दारासारखी, असं तिनं ऐकलं आणि फोन ठेवला.

आता पुढचं सांगायचं तर आधी चाचणीच्या घंटेबद्दल सांगायला हवं. कुणाच्या फोनवर घंटा नीट वाजते की नाही हे बघायला ऑफिसकडे एक वेगळी घंटा होती. ती ऑफिसातून कुणालाही, केव्हाही वाजवता यायची. दिसायला खऱ्या घंटेसारखीच. फरक एवढाच की तिची नोंद कुठेही व्हायची नाही. त्या घंटेवर पोरानं बटण दाबलं तरी गोल कोराच राहायचा. उगाच खोट्या नोंदी साचून हिशेब बिघडू नये म्हणून तशी सोय करायला सांगितली होती खुद्द हेडबाईंनीच.

एका सकाळी ती लवकर जागी झाली. बाहेर अजून नीट उजाडलंही नव्हतं. थोड्या वेळानं छोट्याची खरी घंटा वाजणार, मग शिट्टीचं 'मी घेतली. तू?' जाणार आणि तो दात काढत गोळी घेणार, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं. तिनं फोन उचलला, ऑफिसच्या खात्यातून छोट्याचं नाव काढलं आणि घंटा वाजवली. स्क्रीनवर आलं, 'पोहोचली.' आणि मग, 'बघितली.'

काय वाटलं तिला! आपण आधी. ती आता पाठवील तिचा निरोप, बसेल वाट बघत. पण गोळी त्याच्या पोटात गेली ती आपल्या घंटेनं. कुणाला कळायची गरज नव्हती. तिला कळत होतं तेवढं पुरेसं होतं. त्या दिवशी ऑफिसात ती प्रोग्रामरशीही गोड बोलली आणि तो बिचारा दिवसभर धास्तावलेला राहिला. दुसऱ्या दिवशीही तिनं घंटा वाजवली, तिसऱ्या दिवशीही. मग ती सवयच झाली. नोंद होत नाही हे तिला माहीत होतंच. तो नीट जागा झाला की दाबेल बटण, असं तिनं गृहीत धरलं. नोंद नाही म्हणजे माग नाही, हे तर तिच्या पथ्यावरच होतं. मांजर डोळे मिटून दूध पितं तेव्हा त्याला असंच वाटत असतं.

महिना उलटायच्या आत एके दिवशी शिट्टी ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. जिने चढून आल्यानं छाती भात्यासारखी हलत होती. पंप तोंडाला लावून तिनं दोन झुरके घेतले आणि ताईचा हातच धरला.

"ताई, त्यानं सांगू नको म्हटलंय. पण मी सांगणार. त्याला एकाचे दोन दिसतात. दुकानात काल काच कापताना रेघ सोडून कापली, परवा शिडीवरून उतरताना तोल गेला. बोलतानाही जीभ जड लागते त्याची. मालकानं अजून काही म्हटलं नाही, पण म्हणेल. घरी कळलं तर आई घेऊन जाईल म्हणून त्यानं कुणालाच सांगितलं नाही. रक्त तपासायला मीच ओढून नेलं होतं. आज डॉक्टरीणबाईंनी बोलावलंय. तुम्ही चला."

ताईनं पर्स उचलली. आणि ती उचलताना मनात आलं ते, सांगायला लाज वाटते, पण होतं ते असं: याला होतंय हे हिला आधी कळलं.

डॉक्टरीणबाईंची खोली ताईच्या ओळखीची, तोच हिरवा पडदा आणि तोच भिंतीवरचा मेंदूचा तक्ता. छोट्या खुर्चीत बसला होता, डोळे बारीक करून. ताईला बघून त्यानं शिट्टीकडे रागानं बघितलं. शिट्टीनं खांदे उडवले.

"रक्तात औषध फारच जास्त दिसतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकाच वेळची गोळी चुकून दोनदा घेत नाहीस ना?"

"नाही हो. हे बघा." त्यानं फोन पुढे केला. सगळे गोल हिरवे, सकाळी एक, संध्याकाळी एक. "मला आठवत नसलं तरी याला आठवतं. हा सांगेल तसंच करतो मी."

डॉक्टरीणबाईंनी गोलांवरून नजर फिरवली. खुद्द हेडबाईंनी आखलेले गोल, एकही वाकडा नाही. "मग दुसरा अर्थ निघत नाही. तुझं शरीर आता एवढं औषध पेलत नाहीये. सकाळची गोळी बंद करू. एकट्या संध्याकाळच्या गोळीवर ठेवून बघू."

"तरी म्हटलं," शिट्टी मध्येच म्हणाली, "याला स्वप्नंसुद्धा गोळ्यांचीच पडतात. रोज पहाटे स्वप्नात घंटा वाजते आणि हा स्वप्नातच उशाची गोळी घेऊन झोपतो. मग उठतो, खरी घंटा वाजते, फोनमध्ये बघतो तर गोल कोरा. मग खरी घेतो."

छोट्या ओशाळून हसला. 

ताईला सगळं एका क्षणात दिसलं. अर्धवट झोपेत तिची घंटा वाजते. तो गोळी घेतो, बटण दाबतो, पुन्हा झोपतो. उठल्यावर घेतली की नाही आठवत नाही, म्हणून तो विचारतो, तिनंच सांगितलंय त्याप्रमाणे विचारतो. आणि कोरा गोल सांगतो, नाही घेतली.

तिनं पळवाट शोधली नाही असं म्हणता येणार नाही. "आठ दिवस थांबून बघू या का?" ती म्हणाली. घंटा बंद करायची, आठ दिवसांत सगळं आपोआप जागेवर येईल, आणि कुणाला काही कळणार नाही. पर्समधून रुमाल ओढून तिनं कपाळ पुसलं.

"थांबायचं कसं? काचेचं काम करतोय तो. आजपासूनच कमी करू," असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं.

सकाळची गोळी गेली, घंटाही गेली, म्हणजे पोटात जाणार निम्मंच औषध. मग एखाद्या दिवशी दुकानात, काचेच्या तुकड्यांवर... कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं?

"कमी करू नका," ताई म्हणाली. "तो सकाळची गोळी खरंच दोनदा घेतोय. ते स्वप्न नाहीये. घंटा मी वाजवत होते."

मग तिनं सगळं सांगितलं, चाचणीची घंटा, नोंद नसणं, सगळं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. शिट्टीच्या छातीतली शीळ तेवढी ऐकू येत होती.

"म्हणजे ते स्वप्न नव्हतं?" छोट्या सावकाश म्हणाला. "मला वाटलं माझं डोकं चाललंय. फिट येऊन येऊन आता वेड लागतंय. रोज जाग आल्यावर मी घाबरून पडून राहायचो, ताई."

"मला माहीत नव्हतं रे."

"पण का वाजवायचीस?"

खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं. "तू हिला निवडलंस म्हणून," ती म्हणाली. "मला ते बघवलं नाही. तुला गोळी माझ्यामुळे मिळावी असं वाटायचं मला. हिच्या आधी."

तो उठला. दाराची कडी त्याला एकदम सापडली नाही, दोन दिसत असणार. ताईचा हात पुढे झाला आणि तिनं तो मागे घेतला. कडी त्याची त्यानं शोधली आणि तो निघून गेला.

शिट्टी जागची हलली नव्हती. "तुम्ही मला सांगायचं होतं ना, ताई," ती म्हणाली. "मी उशिरा पाठवला असता निरोप. मला काय?" ती हे मनापासून म्हणाली आणि म्हणूनच ते ताईला जास्त लागलं. जिच्यावर इतका जळफळाट केला ती नुसती वाईट असती तरी किती सोपं झालं असतं!

घरी जाऊन तिनं आईला सांगितलं. आईनं सगळं ऐकलं आणि ठरलेलंच बोलली, "आजच्या आज घेऊन ये त्याला."

"का? तो एकदाही चुकलेला नाही," ताई म्हणाली. "फोननं सांगितलं तसं केलं, फोनला खोटं बोलायला लावलं मी. भानगड माझी आहे. घरात कुणाला कोंडायचंच असेल तर मला कोंड."  याच्या गोळ्यांचं कोण बघणार, हे वाक्य या घरात आईनं ताईच्याच तोंडून ऐकलं होतं. शेवटी ती म्हणाली, "बरं. राहू दे तिकडे." ताईला वाटलं होतं तिचा जीव हलका होईल. झाला नाही. छोट्या घरातून कायमचा गेला, हे आता तिनं स्वतःच्या तोंडानं मान्य करून घेतलं होतं.

ऑफिसातही तिनं सांगितलं. मॅडमनी आरडाओरडा केला नाही, फक्त चाचणीची घंटा बंद करून टाकली आणि ऑफिसातल्या कुणालाही कुणाचा सोबती दिसणार नाही असं करायला सांगितलं. "हे आपण आधीच करायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या. काही दिवस तिला कुणी हेडबाई म्हटलं नाही, हळू आवाजातसुद्धा नाही. ते नाव आपल्याला इतकं हवं होतं हे तिला तेव्हा कळलं.

छोट्याचे डोळे आठवड्याभरात ठीक झाले. त्याचा फोन मात्र आला नाही. हिवाळा सरला. तिनंही फोन केला नाही, आणि फोन न करणं हे तिनं आयुष्यात त्याच्यासाठी केलेलं सगळ्यात अवघड काम होतं.

मग एका रविवारी तो घरी आला. चप्पल काढली, आईला हाक मारली, आणि ताईच्या समोर बसून हात पुढे केला.

"फोन दे तुझा."

तिनं दिला. तो काही तरी करत बसला. ती मान लांब करून बघायला लागली तशी त्यानं फोन फिरवला.

"डॉक्टरकडे तू रुमाल काढलास ना पर्समधून, तेव्हा पट्टी पडली होती खाली. मला तेव्हा दोन दोन दिसत होत्या, पण दोन्ही भरलेल्याच होत्या. एकही गोळी फोडलेली नाही. मला सांगते रोज!"

"अरे, ती चहाच्या आधी..."

"माहितेय. सकाळची घंटा लावलीय. सोबती मी."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं पुसलं नाही, आणि तिच्या तोंडून जे बाहेर पडलं ते जित्याची खोड म्हणतात तसंच होतं. "आणि तुझी सोबती?"

"शिट्टी. आणि तिचा सोबती मी."

"म्हणजे तुझे गोल मला दिसणार नाहीत?"

"नाही. मला तुझे दिसणार." तो हसला नाही, रागावलाही नाही. फोन तिच्या हातात ठेवून आईनं काढलेल्या ताटावर जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप तिच्या ओठापर्यंत गेला होता तेवढ्यात घंटा वाजली. पाठोपाठ निरोप आला, 'मी घेतली. तू?'

तिनं कप खाली ठेवला. पर्समधून पट्टी काढून गोळी फोडली, पाण्याबरोबर घेतली, आणि मगच बटण दाबलं. गोल हिरवा झाला. इतक्यांसाठी आखलेला तो गोल तिनं पहिल्यांदाच आपल्यासाठी बघितला. खरं तर इथे थांबायला हवं होतं. पण बोटं ऐकेनात. तिनं लिहिलं, 'आज आधी तिला पाठवलंस की मला?' पुसलं. 'तिनं घेतला का पंप?' असं लिहिलं, तेही पुसलं. मग पुन्हा पहिलंच लिहायला घेतलं.

कुणी लिहीत असलं की समोरच्याला ते दिसतं, ही सोयही तिनंच करून ठेवली होती. छोट्याचा निरोप आला, 'केव्हाची काय लिहितेयस?'

ताईनं सगळं पुसून टाकलं.

'काही नाही,' तिनं लिहिलं. चहाला अजून थांबायचं होतं म्हणून कपावर बशी झाकली.